चिपिंग कॅम्पडन : लोकरीचे नगर, पायवाटांचे नगर

शेक्सपिअरचे जन्मस्थान म्हणून स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन हे गाव इंग्लंडला जाणाऱ्या बहुतेक भारतीय प्रवाशांच्या यादीत असते. सहलीची बस तेथे दोन-अडीच तास थांबते, कवीचे घर, नदीकाठ आणि स्मरणवस्तूंची दुकाने पाहून होतात आणि मंडळी ऑक्सफर्डच्या किंवा लंडनच्या वाटेला लागतात. या स्ट्रॅटफर्डपासून दक्षिणेला अवघ्या १९ किलोमीटरवर, ग्लॉस्टरशायर परगण्याच्या उत्तर टोकाला, चिपिंग कॅम्पडन नावाचे एक लहानसे नगर आहे. लोकवस्ती जेमतेम दोन-अडीच हजारांची. येथे राजवाडा नाही, किल्ला नाही, मोठे वस्तुसंग्रहालयही नाही. तरीही पायांत जाड तळव्यांचे बूट, पाठीवर पिशवी आणि गळ्यात नकाशाची थैली अशा थाटातील माणसे या गावात वर्षभर येत असतात. इंग्लंडमधील एक प्रसिद्ध पदयात्रामार्ग येथे सुरू होतो, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण त्या मार्गाहूनही जुने आहे आणि त्याचा संबंध पैशाशी आहे.

‘चिपिंग’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीतील अर्थ बाजार. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘पेठ’ जोडलेले असते, तसाच हा प्रकार. बाराव्या शतकात येथे बाजार भरविण्याची सनद मिळाली आणि तेव्हापासूनचा मुख्य रस्ता आजही तसाच वाहता आहे. तो सरळ नाही. धनुष्यासारखा हलका बाक घेत तो पुढे सरकतो, त्यामुळे चालणाऱ्याला संपूर्ण रस्ता एकदम कधीच दिसत नाही. दर पन्नास पावलांवर नवी घरे समोर येतात. सारी घरे कॉट्सवोल्ड टेकड्यांतील चुनखडीच्या दगडाची. नव्या गुळाच्या रंगाचा हा दगड उन्हात उजळतो आणि पावसात भिजला की करडा होतो. छपरेही दगडी फरश्यांचीच. माथ्याजवळ लहान फरश्या आणि वळचणीकडे मोठ्या, अशी त्यांची चढती रचना. चौदाव्या शतकातील घराच्या भिंतीला सतराव्या शतकातील घर टेकलेले आहे, त्याच्या शेजारी अठराव्या शतकातील. पण दगड एक असल्यामुळे शतकांचा हा फरक डोळ्यांना टोचत नाही. इतिहासकार जी. एम. ट्रेव्हेल्यन यांनी इंग्लंडमध्ये उरलेल्या ग्रामीण रस्त्यांत या रस्त्याला अग्रस्थान दिले होते.

राजाचे सावकार

मध्ययुगीन इंग्लंडची खरी संपत्ती म्हणजे लोकर. कॉट्सवोल्डच्या उतारांवर चरणाऱ्या मेंढ्यांची लांब तंतूंची लोकर फ्लँडर्समधील विणकरांकडे आणि थेट इटलीतील फ्लॉरेन्सच्या पेढ्यांपर्यंत जात असे. लोकरीवरील निर्यातकर हा राजाच्या खजिन्याचा मोठा आधार होता. कवी जेफ्री चॉसर १३७४ पासून लंडन बंदरात याच कराचा हिशेबनीस होता, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात अध्यक्षांनी लोकर भरलेल्या आसनावर बसण्याची प्रथा आजही पाळली जाते, ती त्या काळाचीच आठवण.

मुख्य रस्त्यावरील सर्वांत जुने घर विल्यम ग्रेव्हेल या लोकर व्यापाऱ्याचे. ते सुमारे १३८० मध्ये बांधले गेले. दोन मजले उंच नक्षीदार खिडकी आणि भिंतीवरील सूर्यघड्याळ पाहण्यासाठी तेथे प्रत्येक जण क्षणभर थांबतो. ग्रेव्हेल इतका धनाढ्य होता, की राजा दुसरा रिचर्ड याला त्याने कर्ज दिले होते. १४०१ मध्ये तो वारला. सेंट जेम्स चर्चमध्ये त्याच्या समाधीवर पितळी पत्रा बसविलेला आहे. त्यावरील लॅटिन लेखात त्याला समस्त इंग्लंडच्या लोकर व्यापाऱ्यांतील पुष्प म्हटले आहे. एरवी समाधिलेखांत शौर्य, कुळ वा धर्मनिष्ठा यांचा गौरव व्हायचा. येथे व्यापाराचाच गौरव आहे, आणि तोही चर्चच्या वेदीजवळ.

दोन शतकांनंतर दुसरा सावकार आला. बॅप्टिस्ट हिक्स हा लंडनच्या चीपसाइड पेठेतील रेशमी कापडाचा व्यापारी. राजा पहिला जेम्स याच्या दरबाराला तो भरजरी वस्त्रे पुरवी आणि सोबत कर्जही देई. राजाने १६०३ मध्ये त्याला ‘सर’ केले. पदवी मिळाल्यावर दुकान बंद करावे, अशी प्रतिष्ठितांची अपेक्षा होती. हिक्सने दुकान चालूच ठेवले आणि त्याबद्दल नापसंतीही सोसली. पुढे त्याने कॅम्पडनची जहागीर विकत घेतली आणि चर्चशेजारी भव्य प्रासाद उभारला. त्या प्रासादाचे आयुष्य तीसेक वर्षांचेच ठरले. राजा आणि संसद यांच्यातील यादवी युद्धात, १६४५ मध्ये, माघार घेणाऱ्या राजनिष्ठ फौजेने तो शत्रूच्या हाती पडू नये म्हणून स्वतःच जाळून टाकला. राजाच्या सावकाराचे घर राजाच्याच सैनिकांनी भस्मसात करावे, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. आज तेथे प्रवेशद्वार आणि मेजवान्यांसाठी बांधलेले दोन देखणे मंडप तेवढे उभे आहेत.

मात्र हिक्सने स्वतःसाठी नव्हे, तर गावासाठी जे बांधले, ते सर्व टिकले. १६१२ मध्ये त्याने सहा निराधार वृद्ध पुरुष आणि सहा स्त्रिया यांच्यासाठी घरांची एक ओळ बांधून दिली. चर्चकडे जाणाऱ्या चढावरील त्या घरांत आजही वयस्कर ग्रामस्थ राहतात. १६२७ मध्ये त्याने भर रस्त्यात बाजारमंडप उभारला, खर्च ९० पौंड. लोणी, चीज आणि कोंबड्या विकणाऱ्यांना ऊन-पावसात आडोसा मिळावा, एवढाच त्यामागील हेतू. चारही बाजूंनी कमानी, वर लाकडी आढ्याचे छप्पर आणि खाली चारशे वर्षांच्या वर्दळीने खड्डे पडलेली दगडी जमीन. १९४०च्या दशकात हा मंडप उचलून अमेरिकेत नेण्याचा घाट घातला गेला होता. ग्रामस्थांनी वर्गणी जमवून तो वाचविला आणि नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या स्वाधीन केला. पदयात्री आजही पावसात याच मंडपाखाली उभे राहून बुटांचे बंद आवळतात.

लंडनहून आलेली कारागिरांची वसाहत

लोकरीचा व्यापार ओसरला, कापडाचा धंदा दक्षिणेकडील स्ट्राउडच्या खोऱ्यात गेला आणि कॅम्पडन मागे पडले. जुनी घरे पाडून नवी बांधावीत एवढा पैसाच गावात उरला नाही. आज पर्यटक ज्या रस्त्याची मनसोक्त छायाचित्रे घेतात, तो बराचसा या दारिद्र्यामुळे शाबूत राहिला, हे मान्य करणे भाग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेतीवर मंदीचे सावट आले, तेव्हा तर अनेक घरे ओस पडली.

त्या ओस घरांत १९०२ मध्ये अचानक लंडनकर राहायला आले. वास्तुविशारद चार्ल्स रॉबर्ट अ‍ॅशबी यांनी १८८८ मध्ये लंडनच्या गरीब पूर्व भागात ‘गिल्ड ऑफ हँडिक्राफ्ट’ ही कारागिरांची सहकारी मंडळी स्थापन केली होती. सोनार, लोहार, सुतार, मुद्रक, पुस्तकबांधणी करणारे असे सारे त्यात होते. यंत्राने माणसाच्या हातातील कौशल्य हिरावून घेतले आहे आणि ते परत मिळवायचे तर कारागिराने स्वच्छ हवेत, समाधानाने काम केले पाहिजे, अशी अ‍ॅशबींची श्रद्धा. पन्नासएक कारागीर आणि त्यांची बायकामुले, असे सुमारे दीडशे लोक कॅम्पडनला आले. शीप स्ट्रीटवरील एका जुन्या रेशीम गिरणीत त्यांच्या कार्यशाळा थाटल्या गेल्या. त्यांनी गावात तंत्रशिक्षणाची शाळा काढली, नाटके केली, पोहण्याचा तलाव बांधला.

सहा वर्षांत हा प्रयोग आर्थिकदृष्ट्या कोसळला. गिल्डच्या घडणावळीची नक्कल करून यंत्रावर स्वस्त माल काढणारी दुकाने लंडनमध्ये उभी राहिली होती. शिवाय शहरात असताना मागणी घटली, की कारागीर तात्पुरते दुसरीकडे काम धरू शकत. कॅम्पडनमध्ये दुसरे कामच नव्हते. माल विकला जात नव्हता आणि मजुरी मात्र द्यावी लागत होती. १९०८ मध्ये कंपनी विसर्जित झाली. अ‍ॅशबींच्या हिशेबात चूक होती, हे कोणताही बँक अधिकारी ताळेबंदावर नजर टाकून सांगू शकला असता. तरीही काही कारागीर गाव सोडून गेले नाहीत. जॉर्ज हार्ट या चांदीकामगाराने त्याच गिरणीत काम चालू ठेवले. त्याच्या वंशजांची कार्यशाळा आजही वरच्या मजल्यावर चालते. लाकडी जिना चढून कोणीही आत डोकावू शकतो. छतापासून जुन्या बिलांचे गठ्ठे लोंबत असतात आणि हातोडीचा नाद चालू असतो.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने या कथेतील सर्वांत मोलाचा भाग गावाबाहेर, दीडेक किलोमीटरवरील ब्रॉड कॅम्पडन या वस्तीत आहे. तेथील बाराव्या शतकातील एका पडक्या प्रार्थनागृहाचे अ‍ॅशबींनी १९०५ ते १९०७ या काळात निवासस्थानात रूपांतर केले. ते ज्यांच्यासाठी केले, ते गृहस्थ म्हणजे आनंद कुमारस्वामी. वडील श्रीलंकेतील तमिळ, आई इंग्रज, शिक्षण भूगर्भशास्त्राचे. सिलोनच्या खनिज सर्वेक्षणाचे प्रमुख म्हणून हिंडताना त्यांना कँडी परिसरातील हस्तकला डोळ्यांदेखत मरताना दिसल्या आणि खडकांचा हा अभ्यासक कलांकडे वळला. त्यांची पत्नी एथेल हिचा भाऊ अ‍ॅशबींच्या गिल्डमध्ये जडावाचे काम करीत असे; त्या नात्याने हे दांपत्य कॅम्पडनला आले.

गिल्डचा एसेक्स हाउस छापखाना कुमारस्वामींनी आपल्या घरी आणला. त्यातील यंत्रे मुळात विल्यम मॉरिस यांच्या केल्मस्कॉट छापखान्यातील. त्यांवर सप्टेंबर १९०७ ते डिसेंबर १९०८ या काळात ‘मीडिव्हल सिंहलीज आर्ट’ हा त्यांचा ग्रंथ हाताने छापला गेला. प्रती फक्त ४२५. पारंपरिक कारागिराला राजाश्रय आणि समाजाचा आधार कसा मिळत होता, तो तुटल्यावर त्याचे काय झाले, हा त्या ग्रंथाचा विषय. पाने छापली जात असताना, तेथून हाकेच्या अंतरावर अ‍ॅशबींची गिल्ड आपला गाशा गुंडाळत होती. पुढल्याच वर्षी कुमारस्वामींचे ‘द इंडियन क्राफ्ट्समन’ हे पुस्तक आले आणि त्याला प्रस्तावना होती अ‍ॅशबींची. नंतर बॉस्टनच्या कलासंग्रहालयात भारतीय शिल्पांचा विभाग उभारणारे आणि नटराजाचा अर्थ पाश्चात्त्यांना उलगडून सांगणारे हेच ते कुमारस्वामी. ब्रॉड कॅम्पडनमधील ते घर खासगी आहे, आत जाता येत नाही; पण कॅम्पडनहून शेतांमधून जाणारी पायवाट या वस्तीत पोहोचते आणि जाऊन येण्यास तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो.

टेकडी आणि वहिवाट

आता चालण्याविषयी. गावाच्या वायव्येस दीड किलोमीटरवर डोव्हर्स हिल ही टेकडी आहे. १६१२ च्या सुमारास रॉबर्ट डोव्हर नावाच्या वकिलाने येथे वार्षिक खेळांचा मेळावा भरविला आणि त्याला ‘ऑलिम्पिक’ हे नाव दिले. अथेन्समध्ये आधुनिक ऑलिम्पिक भरण्याच्या पावणेतीनशे वर्षे आधीची ही गोष्ट. कुस्ती, घोड्यांच्या शर्यती, वजनदार घण फेकणे आणि नडगीवर लाथा मारण्याची एक रांगडी स्पर्धा, असे त्याचे स्वरूप. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गावकीची सामायिक कुरणे वाटून त्यांना कुंपणे घातली गेली. खेळाच्या दिवसांतील दंगामस्तीही वाढली होती. १८५२ नंतर मेळावा बंद पडला.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस ही टेकडी विक्रीस निघाली आणि तेथे बांधकाम होण्याची चिन्हे दिसू लागली. कॅम्पडनमध्ये स्थायिक झालेले चित्रकार एफ. एल. ग्रिग्ज यांनी पुढाकार घेऊन, स्वतःची ऐपत नसताना पैशाची जोखीम पत्करून ती वाचविली. पुढे ती नॅशनल ट्रस्टकडे आली. ग्रिग्ज मात्र अखेरपर्यंत पैशाच्या विवंचनेतून सुटले नाहीत. १९५१ मध्ये खेळ एकदा पुन्हा झाले आणि १९६०च्या दशकापासून ते बहुतेक दरवर्षी वसंतातील सुटीनंतरच्या शुक्रवारी होतात. नडगीची स्पर्धाही होते; आता स्पर्धक विजारीत गवताचा पेंढा कोंबून उतरतात, एवढीच सुधारणा.

बाजारमंडपापासून सुरू होणारा ‘कॉट्सवोल्ड वे’ हा मार्ग याच टेकडीवरून जातो आणि १६४ किलोमीटर चालत बाथ शहराच्या महामंदिरापाशी थांबतो. सारा मार्ग चालण्यास साधारण आठवडा लागतो. त्याची कल्पना १९५०च्या दशकात ग्लॉस्टरशायरमधील पदभ्रमण करणाऱ्या हौशी मंडळींनी मांडली, १९७० मध्ये मार्ग आखला गेला आणि राष्ट्रीय पदपथ म्हणून त्याचे उद्‌घाटन झाले मे २००७ मध्ये. खांबांवर कोरलेले ओकच्या फळाचे चिन्ह ही या मार्गाची खूण.

हा मार्ग बहुतांशी खासगी शेतांतून आणि कुरणांतून जातो, याचे भारतीय पाहुण्याला नवल वाटते. आपल्याकडील शेतकऱ्याला वहिवाटीचा हक्क ठाऊक असतो, पण तो ठरावीक शेजाऱ्यांपुरता. इंग्लंडमधील सार्वजनिक पायवाटेवर कोणाही माणसाला, परदेशी पाहुण्यालासुद्धा, चालण्याचा हक्क आहे. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला अशा वाटांचा अधिकृत नकाशा करणे बंधनकारक केले. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटांची लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरते. वाट शेताच्या मधून जात असेल, तर शेतकरी ती नांगरू शकतो. पण ठरलेल्या मुदतीत, सामान्यतः पंधरवड्यात, ती पुन्हा चालण्याजोगी करून देणे त्याच्यावर बंधनकारक असते. बदल्यात चालणाऱ्याने फाटक उघडले तसे लावायचे, वाट सोडायची नाही, आणि वसंतात मेंढ्यांची पिले लहान असताना कुत्रा दोरीने बांधून न्यायचा. कुंपणे ओलांडण्यासाठी लाकडी पायऱ्या किंवा एका वेळी एकच माणूस जाईल अशी झुलती फाटके असतात. त्यांची डागडुजी पुष्कळ ठिकाणी स्वयंसेवक करतात.

एका दिवसाची वाट

सात दिवस हाताशी नसलेल्यांनी पहिला टप्पा चालावा. कॅम्पडन ते ब्रॉडवे, सुमारे दहा किलोमीटर, रमतगमत चार तास. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून मोर्टन-इन-मार्शला आगगाडीने दीड तासात पोहोचता येते; तेथून बस किंवा टॅक्सी. कॅम्पडनचे स्वतःचे रेल्वे स्थानक १९६६ मध्ये बंद झाले. मे ते सप्टेंबर हा उत्तम काळ. पावसाचे जाकीट जूनमध्येही सोबत असावे आणि बूट घोट्यापर्यंतचे असावेत, कारण येथील चिकण माती पावसानंतर तळव्याला सोडत नाही.

डोव्हर्स हिलच्या माथ्यावरून इव्हशॅमचे फळबागांचे खोरे आणि पलीकडे माल्व्हर्नच्या निळसर टेकड्या दिसतात. पुढे माइल ड्राइव्ह हा गवताचा रुंद, सपाट पट्टा लागतो. त्यानंतर चढण आणि चढणीच्या शेवटी, ३१२ मीटर उंचीवर, ब्रॉडवेचा बुरूज. एका सरदारपत्नीच्या हौसेखातर १७९८ मध्ये बांधलेला हा बुरूज कोणत्याही लढाईसाठी नव्हता.

ही टेकडी मात्र एका फाशीची साक्षीदार आहे. १६ ऑगस्ट १६६० रोजी हिक्सच्या वारसांचा सत्तरीचा कारभारी विल्यम हॅरिसन खंडाची वसुली करण्यासाठी कॅम्पडनहून शेजारच्या चॅरिंगवर्थला पायी गेला आणि परतला नाही. वाटेत त्याची फाटलेली टोपी आणि रक्ताने माखलेली गळपट्टी सापडली. त्याला शोधायला गेलेला नोकर जॉन पेरी याने चौकशीत सांगितले, की आपल्या आईने आणि भावाने पैशासाठी त्याचा खून केला. प्रेत मिळाले नव्हते, म्हणून पहिल्या न्यायाधीशाने खुनाचा खटला चालविण्यास नकार दिला. दुसऱ्याने चालविला. जॉनने आपला जबाब मागे घेतला, आपण भ्रमिष्ट झालो होतो असे सांगितले. तरी १६६१ मध्ये तिघांनाही याच टेकडीवर फासावर चढविण्यात आले. आई चेटकीण असल्याचा संशय होता, म्हणून तिला सर्वांत आधी.

१६६२ मध्ये विल्यम हॅरिसन जिवंत परत आला. घोडेस्वारांनी आपल्याला पळवून जहाजावर चढविले, तुर्की चाच्यांनी पकडले, स्मर्नाजवळ एका वैद्याकडे गुलाम म्हणून विकले आणि तेथून आपण लिस्बनमार्गे सुटून आलो, अशी हकिकत त्याने लिहून दिली. सत्तरीच्या म्हाताऱ्याला गुलाम म्हणून कोण पळवील, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. वसुलीच्या हिशेबात काही गडबड होती काय, असाही तर्क झाला. जॉन पेरीने स्वतःलाच फासावर नेणारा जबाब का दिला, याचे उत्तर मात्र साडेतीनशे वर्षांत कोणालाही देता आलेले नाही.

बुरुजापासून उताराची वाट मेंढ्यांच्या कुरणांतून ब्रॉडवे गावात उतरते. तेथे चहाची दुकाने पुष्कळ आहेत आणि चिखलाच्या बुटांकडे कोणी कपाळाला आठ्या घालून पाहत नाही. कॅम्पडनकडे जाणाऱ्या बसच्या फेऱ्या मोजक्या असतात, रविवारी तर फारच थोड्या. म्हणून वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. बस चुकलीच, तर आल्या वाटेने परतण्याचा हक्क कायद्याने दिवसरात्र अबाधित आहे.